खडकीच्या मालिकेचा कपडेपट आणि तो पुरवणारे दुकान

गेल्या हिवाळ्यात एका स्थानिक वाहिनीसाठी सहा भागांची छोटी ऐतिहासिक मालिका तयार झाली. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता सरदार मलिक अंबर याने १६१० मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्या नव्या शहरासाठी त्याने जमिनीखालून आणलेले पाणी हा तिचा विषय होता. मी पैठण तालुक्यातील एका शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे, दृश्यांतील तपशील काळाशी जुळतात की नाही हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. मालिकेचा बहुतेक कपडेपट, शस्त्रे आणि इतर सामान जुन्या शहरातील एका दुकानातून भाड्याने घेतले होते. स्नेहसंमेलने, शिवजयंतीच्या मिरवणुका, हौशी नाटके आणि आता अशा छोट्या मालिका यांसाठी आपल्या भागातील लोक याच दुकानाकडे जातात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून, नऊ दिवसांच्या चित्रीकरणात मला जे दिसले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

निर्णय आधीच सांगते. शस्त्रे आणि पागोटी यांसाठी हे दुकान मनापासून शिफारस करण्यासारखे आहे. पुरुषांचे कपडे काय हवे ते नेमके सांगता आले तर मिळतात. स्त्रियांच्या वेशासाठी मात्र येथे जाऊ नये, निदान सतराव्या शतकाच्या आरंभीचे दृश्य असेल तर मुळीच जाऊ नये.

दुकान दोन मजली आहे. खाली गल्ला, आरसा आणि माप घेण्याची जागा असून वर लाकडी जिना चढून गेल्यावर खोल्याच खोल्या आहेत. मालकांच्या आजोबांनी मेळ्यांना आणि फिरत्या नाटक मंडळ्यांना कपडे पुरवण्यापासून सुरुवात केली होती. वरच्या मजल्यावर गाठोडी आणि पेट्या लावण्याची पद्धत पाहिली तेव्हाच मला आमच्या पुढच्या अडचणीची कल्पना आली. एका खोलीवर ‘शिवाजी महाराज व मावळे’ अशी पाटी आहे, दुसरीवर ‘पेशवाई’, तिसरीवर ‘मुघल’, चौथीवर ‘राणी’. पाट्या पात्रांच्या आहेत, काळाच्या नाहीत. निजामशाहीसाठी खोली नाही, साधी पेटीही नाही. ज्या राज्याची राजधानी परंड्याला होती, दौलताबादला होती, ज्याच्या चाकरीत वेरूळचे भोसले आणि सिंदखेडचे जाधव वाढले, त्या राज्यातील माणूस कसा दिसत होता याचे उत्तर मराठवाड्यातल्याच दुकानात सापडू नये याचे मला वाईट वाटले. यात दोष एकट्या दुकानाचा नाही. मालक म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईक मोबाईल काढून मालिकेतला फोटो दाखवतं आणि म्हणतं, अस्संच पाहिजे.” दूरचित्रवाणीने आपल्याला शिवकाल, पेशवाई आणि त्यांच्यासमोर उभा असलेला एक कायमचा मुघल एवढाच भूतकाळ दाखवला आहे. दुकानाने त्या मागणीप्रमाणे खोल्या भरल्या आहेत.

मलिक अंबरच्या पात्रासाठी पहिल्या दिवशी आलेला पोशाख याच समजुतीतून आला होता. काळ्या मखमलीचा, सोनेरी प्लॅस्टिकच्या जरीने मढवलेला लांब अंगरखा, त्यावर हिरवा साटिनचा झगा आणि हाताच्या दहाही बोटांत खड्यांच्या अंगठ्या. हा पोशाख अंगावर चढला की माणूस कोणत्याही मालिकेतला कोणताही सुलतान होऊ शकतो, पण मलिक अंबर होत नाही. अंबरची त्याच्या काळातली चित्रे उपलब्ध आहेत. त्याच्या हयातीत मुघल चित्रकार हाशिमने काढलेल्या चित्रात तो पांढऱ्या तलम जाम्यात, म्हणजे बगलेत बंदांनी बांधायच्या लांब, घेरदार अंगरख्यात, उभा आहे, हातात लांब सरळ पात्याची तलवार आहे आणि कमरेला कट्यार आहे. हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ता झालेला आणि जहांगीराच्या फौजांना वर्षानुवर्षे थोपवून धरणारा हा उतारवयातला पुरुष त्या चित्रात जवळजवळ अलंकारांशिवाय दिसतो. त्याच्याविषयी मालिका काढायची आणि त्याला काळे मखमल घालायचे, म्हणजे ज्या माणसाचे चित्र सुदैवाने आपल्यापर्यंत पोहोचले आहे त्याच्याकडे पाहायचेच नाही असे ठरवण्यासारखे आहे.

मी चित्राची छापील प्रत घेऊन दुकानात गेले तेव्हा मालकांनी ती बराच वेळ पाहिली. वाद न घालता त्यांनी वरून एक गाठोडे काढायला सांगितले. त्यात कथ्थकच्या कार्यक्रमांसाठी शिवलेले अकरा पांढरे जामे होते. घेर बरोबर होता, लांबी घोट्यापर्यंत होती, पण पाठीला चेन लावलेली होती आणि कापड जाड होते. दोन दिवसांत त्यांनी चेन काढून बंद लावून दिले आणि अंबरच्या पात्रासाठी एक जामा खऱ्या मलमलीचा नव्याने शिवून घेतला, त्याचे वेगळे पैसे मात्र घेतले. बंद कोणत्या बगलेत यावेत यावर आमची चांगलीच चर्चा झाली. मुघल दरबारात हिंदूंनी जामा डाव्या बगलेत आणि मुसलमानांनी उजव्या बगलेत बांधावा असा संकेत होता. आम्ही तोच पाळला आणि मराठा सरदारांचे बंद डावीकडे, अंबर व इतर हबशी सरदारांचे उजवीकडे घेतले. दुकानातील सगळे तयार जामे एकाच बाजूचे आहेत. तेव्हा ज्यांना हा फरक दाखवायचा आहे त्यांनी किमान आठवडाभर आधी सांगावे.

कमरेचा पटका हा दख्खनी वेशातला सर्वांत देखणा भाग असतो आणि दुकानात त्याजागी नायलॉनच्या ओढण्या होत्या. येथे आम्हाला शहराचाच आधार मिळाला. येथे विणल्या जाणाऱ्या हिमरू कापडाचा ताणा सुती असतो आणि बाणा रेशमी, म्हणून त्याला चमक असते पण साटिनसारखा भडकपणा नसतो. एका विणकराकडून उरलेल्या तुकड्यांचे सहा पटके आम्ही करून घेतले. दिव्याच्या उजेडात ते जसे दिसले तसे दुकानातील कोणतेही कापड दिसले नाही. हिमरूची परंपरा १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवली त्या घटनेशी जोडली जाते. ऐतिहासिक कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर हे कापड विणले जात असताना दुकानात त्याचा एकही पटका नसावा ही मोठी उणीव आहे, आणि मी ती मालकांना स्पष्ट शब्दांत सांगितली.

आता दुकानाची सर्वांत मोठी पुंजी असलेल्या माणसाविषयी लिहिते. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी एक वृद्ध कारागीर बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते आणि ते मला ‘बाई’ म्हणतात. दुकानात शिवलेल्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पगड्यांची रास आहे आणि बहुतेक गिऱ्हाइके त्याच घेऊन जातात. चौघा मराठा सरदारांसाठी आम्हालाही प्रथम चार जिरेटोप आले होते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा आणि विठापुरा ही खडकीच्या पुऱ्यांची, म्हणजे वस्त्यांची, नावे ज्या मराठा सरदारांवरून पडली, त्यांच्या डोक्यावर जिरेटोप पाहून मी ते जसेच्या तसे परत पाठवले. जिरेटोप आपण शिवाजी महाराजांच्या चित्रांतून ओळखतो. प्रत्येक मराठा माणसाच्या डोक्यावर तो ठेवला तर सरदार आणि छत्रपती यांत फरक उरत नाही, आणि महाराजांच्या जन्माच्या वीस वर्षे आधीच्या दृश्यात तो ठेवला तर प्रेक्षकाचा काळाचा हिशेबच बिघडतो. पेशवाईच्या खोलीतील चक्री पगडी तर आणखी शंभर-दीडशे वर्षे पुढची. ती दुसऱ्या पेटीतून आली, तीही परत गेली.

चाचांना मी निजामशाही आणि मुघल चित्रांतली पागोटी दाखवली. ती लहान, डोक्याला घट्ट बसलेली आणि बांधलेली दिसतात, टोपीसारखी बसवलेली नव्हे. चाचांनी चित्राला हात लावून वळ मोजले, मग पांढऱ्या सुती कापडाचा लांब पट्टा पाण्याने ओलसर केला, त्याला पीळ दिला आणि समोर बसलेल्या नटाच्या डोक्यावर थेट बांधायला सुरुवात केली. पहिला प्रयत्न त्यांनी स्वतःच सोडून टाकला, कारण त्यांचा हात सवयीने फेट्याकडे गेला आणि मागे शेमला, म्हणजे कापडाचे मोकळे टोक, सुटला. दुसऱ्या वेळी ते कपाळापासून न निघता कानाच्या वरून निघाले आणि प्रत्येक वळ आधीच्या वळाला अर्धा झाकत गेला. एका पागोट्याला वीस मिनिटे लागली. चित्रीकरणाच्या नऊ दिवसांत ते रोज पहाटे येऊन चौदा डोकी बांधत असत आणि त्यांनी बांधलेली पागोटी घोड्यावरही सुटली नाहीत. बांधलेल्या पागोट्यामुळे नटांच्या मानेचा ताठा बदलला, हे दिग्दर्शकांच्याही लक्षात आले. पुठ्ठ्याची पगडी पडेल या भीतीने माणूस मान आवळून चालतो, बांधलेल्या पागोट्यात तो मोकळा चालतो. केवळ यासाठी हे दुकान शोधत जावे. चाचांचे रोजचे वेगळे मानधन ठरवावे लागते आणि ते दुकानाच्या पावतीत येत नाही, ते थेट त्यांच्या हातात द्यावे.

शस्त्रांच्या बाबतीत दुकान अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे निघाले. सरळ पात्याची धोप तलवार, कोपरापर्यंत लोखंडी खोबण असलेला दांडपट्टा, आडव्या मुठीची कट्यार, बिचवा, भाले, चार चांदव्यांच्या, म्हणजे धातूच्या फुगीर चकत्यांच्या, ढाली हे सारे योग्य घडणीचे आहे. धार अर्थात नाही आणि पाती ॲल्युमिनिअमची आहेत, पण मुठी पितळेच्या असल्यामुळे हातात धरल्यावर वजन जाणवते. एकच मोठी चूक बंदुकांत होती. दुकानात गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या नंतरच्या बंदुकांच्या प्रतिकृती आहेत, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी दख्खनेत चालत होती ती तोड्याची बंदूक, जिला जळती वात कानात लावून बार काढावा लागे. हा फरक दृश्यापुरताच आहे असे कोणी समजू नये. तोड्याची बंदूक असली की सैनिकाच्या हातात सतत धुमसणारी वात असते, पावसात ती विझते, रात्री तिचा लाल ठिपका लांबून दिसतो, आणि त्यामुळे चकमकीची सारी मांडणीच बदलते. आम्ही सुताराकडून घोड्याच्या जागी वात धरणारा चिमटा बसवून घेतला आणि मालकांनी तो बदल कायम ठेवला.

चिलखते घेऊ नयेत. विणलेल्या सुतळीला चंदेरी रंग दिलेली ती चिलखते जवळून पाहिल्यावर सुतळीचीच दिसतात. शिवाय अंबरची ताकद होती ती मराठा बारगिरांच्या, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणाऱ्या स्वारांच्या, हलक्या, चपळ घोडदळात. मुघलांच्या अवजड फौजेला रसद तोडून हैराण करणाऱ्या त्या स्वारांना लोखंडात मढवले की त्यांच्या युद्धपद्धतीचा अर्थच नाहीसा होतो. त्यांना आम्ही बाराबंदी, गुडघ्याखाली आवळलेला चोळणा आणि खांद्यावर घोंगडी एवढेच दिले. बाराबंद्या दुकानात उत्तम आहेत, पुष्कळ आहेत आणि धुऊन मऊ झालेल्या आहेत. फक्त काहींना आतून वेल्क्रो लावलेले आहे, तेवढे तपासून घ्यावे.

दरबाराच्या सामानात गंमतीची म्हणण्यापेक्षा शिकवणारी एक गोष्ट घडली. सामानासोबत एक पितळी हुक्का आला होता आणि मी तो तत्काळ बाजूला काढला, कारण तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि १६१० मध्ये ती खडकीच्या बैठकीत असणे मला शक्य वाटले नाही. घरी येऊन पुन्हा वाचले तेव्हा माझी चूक लक्षात आली. असद बेग या मुघल वकिलाला विजापुरातच तंबाखू मिळाली होती आणि त्याने ती नेऊन अकबरासमोर ठेवली होती. अकबर तर १६०५ मध्ये वारला. म्हणजे दख्खनेत ती दिल्ली-आग्र्याच्या आधी पोहोचली होती आणि शेजारच्या निजामशाहीत हुक्का दाखवणे पूर्णपणे समर्थनीय होते. दुसऱ्या दिवशी मी मालकांची क्षमा मागितली आणि हुक्का बैठकीत परत ठेवला. काळाची पारख करणाऱ्याने आपल्या अंदाजालाही तीच कसोटी लावली पाहिजे, नाही तर आपण मालिकेतल्या चुकांच्या जागी स्वतःच्या चुका बसवतो.

इतर सामानाबाबत मात्र मला माघार घ्यावी लागली नाही. छताला टांगण्यासाठी आलेल्या काचेच्या हंड्या पुढच्या काळातल्या युरोपीय व्यापाराच्या आहेत, त्याजागी समया आणि मशाली घेतल्या. खजिन्याच्या दृश्यासाठी आलेल्या नाण्यांच्या थैलीत सगळ्या शिवराया होत्या. शिवराई हे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे असून महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा आहे, त्यामुळे अंबरच्या कारभाऱ्यासमोर त्या नाण्यांचा ढीग ओतणे म्हणजे चौसष्ट वर्षे पुढची तिजोरी उघडणे होते. सोन्याच्या होनांसाठी दुकानात काहीच नव्हते. आम्ही साध्या पितळी चकत्या घेतल्या आणि कॅमेरा लांब ठेवला.

कागदपत्रांचा भाग मला स्वतःला फार जवळचा आहे. दुकानाकडे फर्माने म्हणून मिळणारे गुंडाळे चहाच्या पाण्यात बुडवलेल्या छपाईच्या कागदाचे आहेत, त्यावर संगणकाच्या टंकातील देवनागरी मजकूर आहे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आजचा पूर्णविराम आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. तेथे हातकागद बनवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे आणि गावाचे नावच त्या धंद्यावरून पडले आहे. आम्ही तेथून हातकागद आणला, बोरूने मोडी लिहिणाऱ्या एका अभ्यासकांकडून गावच्या कारभाराची दोन पत्रे लिहून घेतली आणि दरबारी फर्मान फारसीत ठेवले. पत्रावर सन घालताना इसवी सन किंवा शक न घालता शुहूर सन घातला, कारण दख्खनच्या कारभारात तो सन चालत होता. तो मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिला जातो. ‘सन अशर व अलफ’, म्हणजे दहा आणि हजार, शुहूर १०१०, हे शब्द लेखकाच्या बोरूतून उतरताना चौथ्या भागात चार-पाच सेकंदच दिसतात. मला त्या चार-पाच सेकंदांचा फार आनंद आहे.

पाण्याच्या दृश्यांत दुकानाने एक अनमोल वस्तू दिली. ती म्हणजे कातड्याची खरी पखाल. अंबरची नहर, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा मार्ग, होण्याआधीची खडकी दाखवताना बैलाच्या पाठीवरची ती पखाल, तिच्या तोंडातून पडणारी बारीक धार आणि तिच्याभोवती भांडी घेऊन जमलेली माणसे एवढे पुरेसे होते. टँकरच्या रांगेत उभे राहिलेल्या मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला त्या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नहर-ए-अंबरीचे पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने आणि खापरी नळांनी शहरात येत असे. तो देखावा उभारण्यासाठी खापरी नळ कुंभाराकडून करून घेतले. पाणचक्कीत चित्रीकरण करावे असा एक विचार आला होता, कारण ती जागा सुंदर आहे. परंतु पाणचक्की अंबरच्या नंतरच्या शतकातली आहे. तो विचार सोडून दिला याचे श्रेय दिग्दर्शकांचे आहे. तसाच त्यांनी भडकल दरवाजाचा उल्लेख पहिल्या भागातून काढून पुढच्या भागात नेला, कारण तो दरवाजा १६१२ चा.

या सगळ्याला काय अर्थ आहे, प्रेक्षकाला कुठे कळते, असे चित्रीकरणाच्या ठिकाणी मला एकापेक्षा अधिक जणांनी विचारले. ज्या गावातल्या वाड्यात आम्ही चित्रीकरण केले तेथील मुले पहिल्या दिवशी पांढऱ्या जाम्यातल्या अंबरकडे पाहून म्हणाली की हा सरदार गरीब दिसतो. त्यांच्या डोळ्यांना चकाकीची सवय झाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांपैकी एक मुलगी मला म्हणाली, “बाई, तो बोलला की बाकीचे सगळे गप्प बसतात.” कपड्याची चमक काढून टाकल्यावर अधिकार कुठून येतो याकडे तिचे लक्ष गेले होते. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. शाळेच्या सहली तिच्या अगदी जवळून जातात आणि न थांबता पुढे जातात. त्या मुलीने पुढे कधी तो घुमट पाहिला तर तिला आत कोण आहे हे चेहऱ्यासकट आठवावे, एवढ्यासाठी मी जाम्याच्या बंदांवरून भांडले आणि पुन्हा भांडेन.

दुकानाच्या व्यवहाराविषयी थोडे. भाडे दिवसावर आहे, नगाप्रमाणे आहे आणि वाजवी आहे. अनामत रोख घेतात व परत करताना विनाकारण कापत नाहीत. एका ढालीचा चांदवा आमच्याकडून हरवला होता, त्याचे त्यांनी नेमके तेवढेच पैसे घेतले. कपडे धुतलेले येतात, फक्त मखमलीच्या पेट्यांना डांबरगोळ्यांचा उग्र वास आहे. शिवजयंतीच्या आधीचा पंधरवडा आणि लग्नसराई या काळात जाऊ नये, कारण तेव्हा निवड करायला वेळ मिळत नाही. एक तक्रार गंभीर आहे. पाचव्या दिवशी दोन जामे कमी पडले तेव्हा न विचारता त्यांच्या जागी आजच्या लग्नात घालतात तशा दोन शेरवान्या पाठवण्यात आल्या, आणि गर्दीच्या दृश्यात मागच्या रांगेत त्या चित्रित होऊन गेल्या. गळपट्टीची, पुढून गुंड्यांची शेरवानी १६१० मध्ये नव्हती. ते दृश्य पुन्हा घेण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते, त्यामुळे दुसऱ्या भागात ती चूक कायमची राहिली आहे. बदली वस्तू पाठवण्यापूर्वी फोन करावा एवढी अट पावतीवरच लिहून घ्यावी.

स्त्रियांच्या वेशाकडे मी मुद्दाम शेवटी येत आहे, कारण तेथे काहीच जमले नाही. ‘राणी’च्या खोलीत यंत्रमागावरच्या नकली पैठण्या आहेत, पदरावर हातभर मोर आहेत, काठ वीतभर रुंद आहेत आणि त्याच नऊवारी आता चेन लावून शिवलेल्या आहेत. दागिन्यांच्या पेटीत दक्षिणेकडील मंदिरांच्या घडणीचे हार, टपोऱ्या मोत्यांच्या नथी आणि मांगटिका असे सगळे एकत्र आहे. मी पैठणच्या परिसरात आयुष्य घालवले आहे. हातमागावरची एक पैठणी विणायला महिनोन्‌महिने लागतात हे मी विणकरांच्या घरात बसून पाहिले आहे. असे वस्त्र पाणी भरणाऱ्या, दळण दळणाऱ्या, नहरीच्या कामावर माती वाहणाऱ्या बायकांच्या अंगावर असेल तरी कसे? मालिकांनी राणीवशाबाहेरची बाई दाखवलीच नाही, म्हणून दुकानात तिच्यासाठी एक साधे सुती लुगडे नाही. मी वरच्या मजल्यावर दोन तास शोधले.

शेवटी ज्या गावात चित्रीकरण चालू होते तेथील म्हाताऱ्या बायकांना विचारले. त्यांनी ट्रंका उघडून आपल्या सासूची, आजेसासूची हातमागाची लुगडी काढून दिली. रंग विटलेले, काठ अरुंद, कापड इतके वापरलेले की हातात पाण्यासारखे ओघळत होते. ती लुगडीही १६१० ची नाहीत हे मला ठाऊक आहे, परंतु त्यांचा सूत, त्यांचे नेसणे आणि कामाच्या वेळी मागे घट्ट खोचलेला कासोटा हे त्या काळाच्या कितीतरी अधिक जवळ जाणारे होते. नेसवायला त्याच आजी आल्या. नहरीचे पहिले पाणी येते त्या दृश्यातील सगळ्या बायका त्यांनी नेसवलेल्या आहेत.

सामान परत करायला गेले तेव्हा ती लुगडी मी मालकांना दाखवायला नेली होती. त्यांनी काठावर बोट ठेवून रुंदी पाहिली, चाचांना हाक मारून बोलावले आणि दोघांनी मिळून कापड उजेडात धरले. शिवराई नाण्यांच्या थैलीला त्यांनी तोवर ‘१६७४ पासून पुढे’ अशी चिठ्ठी अडकवली होती. हातमागाची बारा लुगडी घ्यायचे त्यांनी ठरवले असून, पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर पैठणला जाणार आहे. काठ दोन बोटांपेक्षा रुंद नको आणि जरीकाम मुळीच नको, एवढे मी त्यांच्या वहीत लिहून दिले आहे.